गिअरचा दांडा आखूड करताना

तरफ म्हटली की आपल्याला शाळेच्या पुस्तकातली पहार आठवते, अडकित्ता आठवतो, फार तर कात्री. मोटारीतला गिअरचा दांडा सहसा कुणाला आठवत नाही. याचे कारण साधे आहे. पहारीचा टेकू डोळ्यांना दिसतो, गिअरच्या दांड्याचा टेकू रेक्झिनच्या बुटाखाली झाकलेला असतो. हाताला लागते ती फक्त वरची मूठ. खाली काय चालले आहे याची कल्पना नसल्यामुळे या दांड्याविषयी अनेक गैरसमज रूढ झाले आहेत आणि त्यांतल्या काहींवर बाजारात धंदाही उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार करायचा आहे. तिला ‘शॉर्ट शिफ्टर’ म्हणतात. मोटारीच्या कारखान्याने बसवलेल्या गिअर-जोडणीतला एखादा भाग काढून त्या जागी वेगळ्या मापाचा भाग बसवायचा, म्हणजे गिअर टाकताना मुठीला कमी अंतर जावे लागते, एवढाच तिचा अर्थ.

हा विषय माझ्यापुढे आला तो आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्यामुळे. त्याच्या घरी जुनी घेतलेली पोलो मोटार आहे. (ही मोटार २०१० साली भारतात आली आणि २०२२ साली येथे बंद झाली. ती पुण्याजवळच्या चाकणला बनत असे.) मोटार बाप-लेक दोघेही चालवतात. वडील व्यापारानिमित्त आठवड्यातून दोनदा चोर्ला घाटाने साखळीला जाऊन येतात, आणि त्यांचा डावा खांदा आखडलेला आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे गिअरचे सारे काम डाव्या हाताला, हे सांगायला नकोच. मुलाने मला विचारले, “सर, शॉर्ट शिफ्टर बसवला तर गिअर लवकर पडतो म्हणतात, आणि बाबांच्या खांद्यालाही आराम पडेल. बसवू का?” किटची किंमत काही हजार रुपये होती आणि ते पैसे त्याने शिकवण्या करून साठवले होते, म्हणून उत्तर जबाबदारीने द्यायला हवे होते.

त्याच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. अंतर कमी झाले की वेळ कमी होतो का, हा पहिला. अंतर कमी झाले की श्रम कमी होतात का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कागदावर मिळते, म्हणून ते आधी पाहू.

समजा, टेकूपासून मुठीपर्यंत दांडा ३०० मिलिमीटर आहे, आणि टेकूखालचे टोक, जिथे केबल अडकवलेली असते, ते ६० मिलिमीटर खाली आहे. गुणोत्तर पाचाला एक. न्यूट्रलपासून गिअर पडेपर्यंत केबल १५ मिलिमीटर सरकायला हवी असेल, तर मुठीला ७५ मिलिमीटर जावे लागेल. केबल ओढायला १५० न्यूटन बल लागत असेल, तर हाताला ३० न्यूटन लावावे लागेल, म्हणजे साधारण तीन किलो वजन पेलण्याइतके. आता खालचे टोक ६० चे ८० मिलिमीटर करा. गुणोत्तर पावणेचारावर आले. मूठ ७५ ऐवजी सुमारे ५६ मिलिमीटर सरकली की काम झाले. अंतर पाव हिश्श्याने घटले. पण केबलला लागणारे १५० न्यूटन कमी झालेले नाहीत. ते आता हाताकडून ४० न्यूटनने वसूल होतात, म्हणजे बल एक तृतीयांशाने वाढले. दोन्ही वेळा बल आणि अंतर यांचा गुणाकार करून पाहा, सव्वादोन ज्यूलच येतो. पहारीच्या टोकाला धरून दगड हलवणे आणि मध्यावर धरून हलवणे यांत जो फरक, तोच हा. तेव्हा ज्याला ‘आराम’ म्हणायचे तो कोणत्या प्रकारचा हवा, हे आधी ठरवावे लागते. ज्याचा खांदा हात लांबवताना दुखतो त्याला कमी अंतर सोयीचे, ज्याचा जोर लावताना दुखतो त्याला ते गैरसोयीचे. मी त्या मुलाला वडिलांना नेमके काय दुखते ते विचारून यायला सांगितले. तो दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. पहिला, तिसरा आणि पाचवा या पुढे ढकलायच्या गिअरांना हात लांब न्यावा लागतो तेव्हा दुखते, ओढताना फारसे नाही. म्हणजे प्रश्न अगदीच निकालात निघालेला नव्हता.

आता पहिला प्रश्न, वेळेचा. येथे गिअरपेटीच्या आत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही.

आजच्या मोटारींच्या गिअरपेटीत पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरांचे दात एकमेकांत कायमचे अडकलेलेच असतात. ‘गिअर टाकणे’ म्हणजे दाताला दात लावणे नव्हे. शाफ्टवर मोकळेपणी फिरणाऱ्या एका चाकाला त्या शाफ्टशी जखडून टाकणे, हे खरे काम. हे जखडणारे कडे (त्याला स्लीव्ह म्हणतात) दांड्याच्या हुकमाने बाजूला सरकते. पण कडे आणि चाक वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तर ते एकमेकांत शिरणार नाहीत, नुसते करकरतील. त्या दोघांचे वेग आधी जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळेची रिंग चाकाच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने चाकाचा वेग आपल्या वेगाशी आणते. तिच्या कडेला छोटे दात असतात. वेग जुळेपर्यंत हे दात कड्याला दारातच अडवून धरतात आणि वेग जुळताक्षणी वाट मोकळी करतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअर बाजारात आणले. त्यापूर्वी हे वेग जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिन कमीजास्त, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ट्रक-ड्रायव्हरांना ही दुहेरी क्लचची विद्या अजून येते आणि तिचा त्यांना सार्थ अभिमानही असतो.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ आणि चौथ्याचे १ धरू. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेत असताना चौथा टाकायचा, तर क्लचची थाळी आणि तिच्याबरोबर फिरणारा सारा भाग २८०० वरून २००० वर यायला हवा. तेवढे फेरे कमी करायला किती वेळ लागेल हे त्या भागांच्या जडत्वावर, तेलाच्या दाटपणावर आणि रिंग किती जोराने दाबली जाते यावर अवलंबून असते. दांडा लांब की आखूड याला या हिशेबात थेट जागाच नाही. आखूड दांड्याने हात दाराशी लवकर पोचतो एवढे खरे, दार मात्र आपल्या वेळीच उघडते. उलट जोराच्या बाबतीत आखूड दांडा तोट्यात असतो. तोच हात तेवढाच जोर लावत असेल, तर रिंगवर पूर्वीपेक्षा कमी दाब पोचतो आणि वेग जुळायला किंचित अधिक वेळ लागतो. म्हणजे लवकर गिअर पाडायचा असेल तर जास्त ढकलायला हवे, आणि तो जास्तीचा जोर सारखा लावत राहिलो तर झीज होते ती रिंगची. जाहिरातीत हे लिहिलेले नसते.

मग लोकांना तो बसवल्यावर गिअर चपळ झाल्यासारखा का वाटतो? ही भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मनगटाच्या हालचालीत काम होते, हात स्टिअरिंगवर लवकर परततो, प्रत्येक गिअरची जागा हाताला स्पष्ट कळते. जुन्या अँबॅसडरला (तिचे उत्पादन २०१४ साली थांबले) गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर असे. तिथून खाली गिअरपेटीपर्यंत सळ्या आणि सांधे यांची सारी वंशावळ असायची आणि प्रत्येक सांध्याचा थोडाथोडा खेळ मुठीपाशी येऊन जमा व्हायचा. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना दुसरा गिअर ‘शोधणे’ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. त्या मानाने आजची कोणतीही मोटार चपळच आहे.

खेळाचा विषय निघालाच आहे तर तो येथेच पुरा करतो, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. केबलच्या टोकाला रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बुश असते. ते झिजले, आणि पिन त्यात दोन मिलिमीटर मोकळी हलू लागली, असे समजा. वरच्या पाचाला एक गुणोत्तराने हे दोन मिलिमीटर मुठीपाशी दहा होतात. मूठ सेंटिमीटरभर हलते आणि खाली काहीच होत नाही. मालक म्हणतो, दांडा लांब आहे, ढिला आहे, शॉर्ट शिफ्टर बसवा. टेकूखालचे टोक लांब करणारे किट बसवले की हाच खेळ दहाऐवजी साडेसात मिलिमीटर भासतो. मालक खूश होतो. दोष जागच्या जागीच राहतो, फक्त हाताला कमी जाणवतो. ताप उतरला म्हणून दुखणे गेले असे समजण्यासारखे हे आहे.

दुसऱ्या प्रकारचे किट असते ते गिअरपेटीच्या बाजूला बसते. तिथे केबल एका छोट्या हाताला जोडलेली असते आणि तो हात गिअरपेटीचा शाफ्ट फिरवतो. येथे उलटे करायचे, म्हणजे हा हात आखूड करायचा. आखूड हाताला तेवढाच कोन फिरायला केबल कमी सरकावी लागते. समजा त्याची लांबी पाऊणपट केली. केबलची हालचाल १५ वरून सव्वाअकरा मिलिमीटरवर आली आणि मूठही ५६ वर आली. मुठीपाशी उत्तर तेच दिसते. पण आत दोन गोष्टी बदलल्या. एक, तोच शाफ्ट फिरवायला केबलमधला ताण दीडशे न्यूटनवरून दोनशेवर गेला. वरच्या बाजूच्या किटमध्ये तो वाढत नाही, फक्त हाताचा जोर वाढतो. दोन, झिजलेल्या बुशाचा दोन मिलिमीटर खेळ मुठीपाशी पूर्वीइतकाच, म्हणजे दहा मिलिमीटर राहिला, कारण वरचे पाचाला एक गुणोत्तर बदललेलेच नाही. पूर्वी ७५ मध्ये दहा वाया जात, आता ५६ मध्ये दहा. म्हणजे झिजलेल्या बुशावर हे किट बसवले तर ढिलेपणा प्रमाणाने वाढतो, आणि वाढलेल्या ताणामुळे बुश अधिक लवकर झिजते. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन वस्तूंचे गुणधर्म इतके वेगळे असू शकतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

तिसरा मार्ग फुकटचा. करवत घेऊन वरचाच दांडा कापायचा आणि मूठ खाली बसवायची. तीनशेचा दांडा दोनशे चाळीस केला की गुणोत्तर चारावर येते. गणित बरोबर आहे, पण मूठ मांडीच्या खाली जाते आणि स्टिअरिंगपासून लांब पडते. गिअर टाकताना वाचलेले अंतर हात खाली नेण्यात खर्च होते. शर्यतीच्या मोटारीत दांडा आखूड नसतो. पुष्कळदा टेकूसकट सगळी जोडणी वर उचलून मूठ स्टिअरिंगजवळ आणलेली असते. हे पाहिलेला माणूस करवत हाती घेणार नाही.

तेव्हा आम्ही किटच्या पाकिटाला हात लावण्यापूर्वी मोटार तपासली. एकाने आत बसून मूठ सावकाश पुढेमागे हलवायची आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून केबलच्या टोकाकडे पाहायचे, एवढीच ही तपासणी. मूठ हलते आणि पिन हलत नाही, तेवढा बुशाचा खेळ. इंजिनच सगळे हलताना दिसले तर माउंटिंगचे रबर गेलेले. गिअर टाकताना करकर होत असेल तर दांड्याचा संबंध नाही, क्लच पुरता सुटत नाही किंवा सिंक्रो संपत आला आहे. या मोटारीत एका केबलचे बुश झिजलेले निघाले. ते बदलले. शंभराच्या काही नोटांत मिळणारी वस्तू, पण बापाने मोटार घाटात नेऊन आणल्यावर मुलाला सांगितले की आता गिअर कुठे आहे ते कळते. माझ्या मते येथेच थांबले असते तरी चालले असते. मुलगा थांबायला तयार नव्हता, आणि वडिलांची पुढे हात नेण्याची अडचण शिल्लकच होती. किट गिअरपेटीच्या बाजूचे होते, आणि त्यात दोन भोके होती. एक थोडा फरक पाडणारे, दुसरे अधिक.

जोडणीचे काम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाले. मदतीला आमचे मेस्त्री होते. ते कन्नड आणि मराठी सारख्याच सहजतेने बोलतात आणि काम करताना दर दोन मिनिटांनी “निधान, निधान” म्हणतात. कन्नडमध्ये याचा अर्थ सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, भांडार. आमच्या वर्गातल्या काही मुलांना मेस्त्री कुठल्या ठेव्याबद्दल बोलताहेत हे बराच वेळ कळले नव्हते.

मोटार सपाट जमिनीवर उभी करून चाकांना ठोकळे लावले, कारण काम चालू असताना ती गिअरमध्ये ठेवता येत नाही आणि नुसत्या हँडब्रेकवर विसंबणे बरे नव्हे. गिअरपेटीचा माथा बॅटरी आणि एअर फिल्टर यांच्या खाली दडलेला असतो. बॅटरीची आधी ऋण तार, मग धन तार सोडून ती बाहेर काढली, फिल्टरची पेटी काढली. आता दोन केबली आणि दोन हात दिसू लागले. हे दृश्य प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा पाहावे असे आहे. मूठ डावी-उजवी केली की एक काटकोनी हात शाफ्टला वर-खाली करतो, म्हणजे कोणत्या जोडीतला गिअर हवा ते ठरते. मूठ पुढेमागे केली की दुसरा हात तोच शाफ्ट फिरवतो आणि निवडलेला गिअर पडतो. निवड आणि अंमल ही दोन कामे एकाच शाफ्टने दोन निरनिराळ्या हालचालींनी करायची, ही योजना मला आजही सुंदर वाटते.

शाफ्ट फिरवणाऱ्या हातावर लोखंडाचा एक जड गोळा असतो. तो पाहून मुलांनी विचारले की हे ओझे कशाला, काढून टाकू या. काहीजण तो काढतातही. पण ते ओझे उगाच नाही. दांडा ढकलू लागलो की त्या गोळ्याला गती मिळते, आणि सिंक्रोपाशी, पुढे खाचेपाशी जे छोटे छोटे अडथळे येतात ते तो आपल्या जडत्वाने पार करतो. हाताला गिअर गुळगुळीत लागतो त्याचे पुष्कळसे श्रेय या गोळ्याला. तो काढला की प्रत्येक अडथळा थेट तळहाताला लागतो. आम्ही तो ठेवला, म्हणजे किटमधल्या नव्या हातावर त्याची सोय होती ती वापरली.

काही सोडण्यापूर्वी प्रत्येक हाताची जागा रंगाच्या रेघेने खुणावून ठेवली आणि मोबाइलने फोटो काढले. या गाड्यांच्या केबलींना टोकाशी स्प्रिंगचे कडे असते. ते पुढे ओढून फिरवले की अडकून बसते आणि केबलची लांबी मोकळी होते. शाफ्टला न्यूट्रलमध्ये जखडण्यासाठी गिअरपेटीवरच एक वाकडी खुंटी असते. शाफ्ट खाली दाबून ती फिरवायची. मग केबलीची टोके पिनांवरून काढली, नट सोडून जुना हात शाफ्टच्या दातांवरून वर उचलला. नवा हात बसवण्याआधी मेस्त्रींनी त्याच्या भोकात पिन घालून हलवून पाहिली आणि मान हलवली. भोक नावापुरते मोठे होते. आपण खेळ काढण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि नवा खेळ विकत आणला, असा तो प्रकार. उद्यमबागेत लेथवाल्यांची वाण नाही. एकाकडून त्याच मापाचे पितळी बुश करून आणले, दाबून बसवले, तेव्हा पिन हवी तशी घट्ट आणि तरी मोकळी फिरू लागली. या एका बुशासाठी अर्धा दिवस गेला, पण तो अर्धा दिवस वाचवणाऱ्यांच्या मोटारींतूनच पुढे खडखड ऐकू येते.

कोणते भोक वापरायचे यावर वाद झाला. मुलाला अधिक फरकाचे हवे होते. माझे म्हणणे असे पडले की मोटार दोघांची आहे, जोर वाढणार तो दोघांच्याही हाताला, आणि घाटात वळणागणिक दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करायचा असतो. कमी फरकाचे भोक वापरले.

यानंतरचा टप्पा लोक घाईने उरकतात, आणि खरा धोका तिथेच आहे. शाफ्ट न्यूट्रलमध्ये जखडलेला आहे. तसाच आत मुठीचा दांडाही त्याच्या खालच्या भोकातून साडेचार मिलिमीटरची पिन घालून न्यूट्रलमध्ये जखडायचा. ड्रिलच्या बिटाची मागची बाजू यासाठी चालते. दोन्ही टोके अशी पक्की असताना केबलींची स्प्रिंगची कडी सोडायची, म्हणजे केबल आपली लांबी आपणच ठरवते. मग खुंटी आणि पिन काढायची. यात एक मिलिमीटरची चूक राहिली तर मुठीपाशी तिची पाच मिलिमीटर होतात, आणि आखूड केलेल्या जोडणीत तेवढ्याने गिअर पुरता न पडता अर्धवट राहू शकतो. अर्धवट पडलेला गिअर सपाट रस्त्यावर टिकतो. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की तो सुटून न्यूट्रलमध्ये येतो, आणि इंजिनचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. चोर्ल्याच्या उतारावर हे झाले तर काय होईल ते लिहायला नको.

म्हणून इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर टाकून पाहिला. प्रत्येक ठिकाणी गिअर पडल्यावरही मूठ आणखी थोडी पुढे जाऊ शकते ना, की बुटाच्या चौकटीला आधीच टेकते, हे बघायचे. टेकत असेल तर गिअर पुरता पडला याची खात्री नाही. या मोटारीत मूठ खाली दाबल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. ती अटक तशीच शाबूत आहे ना, हेही पाहिले. नंतर बॅटरी जोडून, इंजिन चालू करून, क्लच दाबून पुन्हा तेच. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. गिअर सुटला नाही.

आणखी एक भीती असते ती आडव्या हालचालीची. काही किटे पुढची-मागची हालचाल कमी करतात तशी डावी-उजवीही कमी करतात. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ आणि दुसऱ्याचे २.१ धरा. पाचव्यात इंजिन ३२०० फेरे घेत असताना चौथा टाकला तर ते ४००० होतील, ठीकच. पण ओढताना मूठ जरा जास्त डावीकडे गेली आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाके इंजिनला ८४०० फेऱ्यांकडे खेचतील. इंजिनचा वेग आवरणारी इलेक्ट्रॉनिक योजना फक्त पेट्रोल तोडू शकते, चाकांनी फिरवलेले इंजिन ती थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकतात, कधी त्याहून वाईट होते. न्यूट्रलमध्ये स्प्रिंग मुठीला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणून ठेवते ती यासाठीच. पाचव्यातून चौथ्यात येताना मूठ बाजूला न ओढता सरळ मागे घ्यावी, स्प्रिंग आपले काम करते. आम्ही आडव्या हालचालीला हात लावला नाही, आणि कुणी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याविषयी थोडेसे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. गिअरच्या दांड्याचे माप नोंदणीपत्रात नसते. पण वॉरंटीत असलेल्या मोटारीला हात लावला तर गिअरपेटीबद्दल पुढे तक्रार करण्याची जागा राहणार नाही, हे गृहीत धरावे. ही मोटार वॉरंटीच्या केव्हाच बाहेर होती.

बसवल्यानंतर आम्ही भाजीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा मुठीला बांधून, इंजिन बंद ठेवून, तिसरा आणि चौथा गिअर किती जोराने पडतो ते मोजण्याचा प्रयोग केला. प्रयोगशाळेसाठी हा प्रयोग उत्तम आहे, खर्च काहीच नाही, आणि आकडे पुस्तकातल्याइतके सरळ येत नाहीत हा त्याचा मोठा गुण आहे. काटा एका जोरावर स्थिर राहत नाही. आधी स्प्रिंगचा अडथळा, मग खाचेचा, असे चढउतार दिसतात. शिवाय केबलचे घर्षण मध्ये येते, आणि काटा सावकाश ओढला तर एक आकडा, झटक्याने ओढला तर दुसरा. मुलांनी पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढावी, आणि अंतर फूटपट्टीने मुठीच्या मध्यापासून घ्यावे. बुटाच्या शिवणीपासून घेऊ नये. तिथून घेतले तर गुणोत्तरच वेगळे येते.

वडिलांनी महिनाभर मोटार चालवल्यावर मी मुलाकडे चौकशी केली. खांदा पुढे न्यावा लागत नाही हे त्यांना आवडले आहे. सकाळी तेल गार असताना दुसरा गिअर जड लागतो अशी तक्रार आहे. ती अपेक्षितच होती, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीने गिअर टाकावा यापलीकडे तिला उपाय नाही. केबलमधला ताण वाढलेला असल्यामुळे दर सहा महिन्यांनी बॉनेट उघडून बुश तपासायचे ठरले आहे. जुना हात त्यांनी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला आहे.